रेझ्युमे लिहायला बसण्याआधी जाहिरात नीट वाचा

रेझ्युमेची सुरुवात टेम्प्लेट शोधण्यापासून करू नका. आधी नोकरीची जाहिरात वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घ्या आणि तीन गोष्टींखाली रेघ मारा: रोज करावं लागणारं काम, नावानिशी मागितलेली सॉफ्टवेअर किंवा प्रमाणपत्रं, आणि पुन्हा पुन्हा आलेले शब्द. दोन-तीनदा आलेला शब्द सहसा त्या जागेची खरी गरज सांगून जातो. ‘आवश्यक’ आणि ‘असल्यास प्राधान्य’ या अटी वेगळ्या काढा. आवश्यक अटींपैकी जे तुमच्याकडे आहे, ते पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात दिसलंच पाहिजे. वाचणाऱ्यासमोर अर्जांचा ढीग असतो. तो तुमचे गुण शोधत बसत नाही.

दुसरं काम एकदाच करायचं. एक मूळ फाइल बनवा. तिच्यात प्रत्येक नोकरी, पद, सुरू झाल्याचा आणि संपल्याचा महिना-वर्ष, केलेली कामं, आकडे, कोर्स असं सगळं टाका. ती चार-पाच पानं झाली तरी चालेल, कारण ती कुणालाच पाठवायची नाही. प्रत्येक अर्जासाठी तिची प्रत काढायची आणि जाहिरातीशी संबंध नसलेलं छाटायचं. दर वेळी कोऱ्या पानापासून सुरुवात करायची म्हटलं की कंटाळा येतो आणि मग तोच रेझ्युमे सगळीकडे जातो.

क्रम साधा ठेवा: नाव, फोन, ईमेल, शहर; मग दोन-तीन ओळींचा सारांश; मग अनुभव, सर्वांत अलीकडचा आधी; शेवटी कौशल्यं आणि शिक्षण. नुकतंच शिक्षण संपलं असेल तर शिक्षण वर घ्या आणि लगेच खाली प्रोजेक्ट, इंटर्नशिप. ‘करिअर ऑब्जेक्टिव्ह’ला आता फाटा द्या, तुम्हाला काय हवंय यापेक्षा तुम्ही काय करू शकता हे वाचणाऱ्याला हवं असतं. सारांशात ‘मेहनती, प्रामाणिक’ नको. असं कुणीही लिहितं. काम कोणतं, किती वर्षांचं आणि त्याचा एखादा पुरावा, एवढं पुरे.

खरी मेहनत अनुभवाच्या ओळींवर घ्यायची. बहुतेक रेझ्युमे इथेच फसतात, कारण तिथे नेमणूकपत्रातली भाषा जशीच्या तशी उतरलेली असते. हे पाहा:

‘ग्राहकांच्या तक्रारींची जबाबदारी सांभाळली.’

यातून काम किती होतं, कसं केलं, काहीच कळत नाही. हीच ओळ अशी लिहिता येईल:

‘रोज साधारण ४० तक्रारींचे फोन हाताळले, नेहमीच्या १२ प्रश्नांची उत्तरं लिहून टीमला दिली, त्यामुळे एका फोनचा सरासरी वेळ ९ मिनिटांवरून ६ मिनिटांवर आला.’

काय केलं, किती केलं आणि त्याने काय फरक पडला, हे तिन्ही आलं. ‘माझ्या कामात आकडे नसतात’ ही तक्रार नेहमीची, पण थोडं खणलं की आकडा सापडतो: किती माणसं, किती फाइली, आठवड्यातून किती वेळा, किती दिवसांत, किती रकमेचा हिशेब. नेमका आकडा आठवत नसेल तर ‘साधारण’ लिहा. फुगवू मात्र नका. मुलाखतीत ‘हा ९ चा ६ कसा मोजला?’ असं विचारलं जाणारच, आणि ज्याचं उत्तर देता येत नाही ती ओळ बाकीच्या खऱ्या ओळींवरही संशय आणते. सध्याच्या नोकरीखाली चार ते सहा ओळी, जुन्या नोकऱ्यांखाली दोन-तीन. दहा वर्षांपूर्वीच्या कामाला एक ओळ पुष्कळ झाली.

अनुभव आठ-दहा वर्षांच्या आत असेल तर एक पान, त्याहून जास्त असेल तर दोन. मजकूर मावत नाही म्हणून फॉन्ट ८ वर आणू नका; १० ते १२ पॉइंट ठेवा आणि ओळी कापा.

दिसायला देखणी, दोन रकान्यांची टेम्प्लेटं टाळलेली बरी. अनेक कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, आणि रकाने, टेक्स्ट बॉक्स, चित्रं यांत ते गोंधळू शकतं. हेडरमध्ये, म्हणजे पानाच्या मुख्य मजकुराबाहेरच्या वरच्या पट्टीत, लिहिलेला फोन नंबर काही वेळा वाचलाच जात नाही. तपासायची युक्ती सोपी आहे: पीडीएफ उघडा, सगळा मजकूर निवडून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. क्रम उलटसुलट झाला, अक्षरं तुटली किंवा काहीच आलं नाही, तर फाइल दुरुस्त करा. कौशल्यांपुढचे ठिपके आणि टक्केवारीच्या पट्ट्याही काढा. ‘एक्सेल ८० टक्के’ म्हणजे काय, हे कुणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी ‘एक्सेल: पिव्होट टेबल, व्हीलुकअप’ असं लिहा.

नोकरीत खंड असेल तर तारखा ताणून तो झाकू नका. चौकशीत ते उघड होतं. ‘कौटुंबिक कारणाने विश्रांती’ किंवा ‘पूर्णवेळ कोर्स’ अशी एक ओळ महिन्यांसकट लिहा. फोटो, वय, वैवाहिक स्थिती मागितली नसेल तर देऊ नका.

पाठवण्याआधी मोठ्याने वाचा, मग दुसऱ्याला वाचायला द्या. स्वतःच्या चुका स्वतःला दिसत नाहीत. फोन नंबर एकेक अंक करून तपासा. फाइलच्या नावात तुमचं नाव आणि पद असू द्या, ‘फायनल २’ नको. जाहिरातीत वर्ड फाइल मागितली असेल तर पीडीएफ पाठवू नका. आणि पाठवलेली प्रत जाहिरातीसह एकाच फोल्डरमध्ये ठेवा: मुलाखतीचं बोलावणं येईपर्यंत जाहिरात साइटवरून उतरलेली असू शकते, आणि प्रश्न तर नेमके त्या दोन कागदांवरूनच येतात.