खांदा गोठलाय का? ओळखायचं कसं आणि त्याला हात कधी, कसा लावायचा

पाठीमागे हात नेऊन ब्लाउजचा हूक लागत नाही. मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही. झोपेत त्या कुशीवर वळलं की कळ येऊन जाग येते. वयाच्या चाळिशी ते साठीत या तक्रारी एकत्र आल्या, की फ्रोझन शोल्डरचा संशय घ्यायला हरकत नाही. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा त्रास जास्त दिसतो. मधुमेह किंवा थायरॉइडचा विकार असेल तर शक्यता आणखी वाढते. प्लास्टर, शस्त्रक्रिया किंवा झोळी यामुळे हात बरेच दिवस हलवला नसेल, तरीही खांदा असा आखडू शकतो.

मात्र खांदा दुखला की त्याला सरसकट फ्रोझन शोल्डर म्हणायची सवय पडली आहे आणि उपचार बहुतेकदा तिथेच चुकतात. स्नायूची दोरी (टेंडन) दुखावली असेल तर हळूहळू ताकद वाढवणारे व्यायाम लागतात. गोठलेल्या खांद्याला पहिल्या काही महिन्यांत तेच व्यायाम दिले तर दुखणं भडकतं.

घरच्या घरी तपासणी

आरशासमोर ताठ बसा. दोन्ही कोपरं काटकोनात वाकवून बरगड्यांना चिकटवा, अंगठे वर ठेवा. आता कोपरं न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. चांगला हात साधारण ६० अंशांपर्यंत उघडतो. दुखरा हात २०-३० अंशांवरच अडला तर लक्षात ठेवा. इथे फसगत होते ती कोपर नकळत बरगडीपासून सुटल्यामुळे किंवा कंबर वळल्यामुळे. कोपर आणि बरगडीच्या मध्ये घडी घातलेला नॅपकिन धरा, तो पडला की ती खेप मोजू नका.

आता हात पूर्ण सैल सोडा आणि घरातल्या कुणाला तरी तोच पंजा हलक्या हाताने बाहेर न्यायला सांगा. तुम्ही स्वतः नेत होता तिथेच त्यांच्याकडूनही तो अडला, तर आखडलं आहे ते सांध्याभोवतीचं वेष्टन, म्हणजे कॅप्सूल. दुसऱ्याने नेल्यावर हात बऱ्यापैकी पुढे जात असेल तर दोष बहुधा टेंडनमध्ये आहे. टेंडनच्या दुखण्याची आणखी एक खूण म्हणजे हात बाजूने वर नेताना साधारण ६० ते १२० अंशांच्या पट्ट्यात कळ येते, त्याच्या वर गेलं की कमी होते.

दुखतं कुठे, यावरूनही बरंच कळतं. गोठलेल्या खांद्याची कळ दंडाच्या बाहेरच्या बाजूला, इंजेक्शन टोचतात त्या भागात जाणवते. वेदना कोपराखाली बोटांपर्यंत उतरत असेल, मुंग्या येत असतील, मान वळवल्यावर वाढत असेल, तर मूळ मानेत शोधायला हवं.

काही वेळा घरगुती तपासणीत वेळ घालवायचाच नाही. डाव्या खांद्याच्या किंवा हाताच्या दुखण्यासोबत घाम, धाप किंवा छातीवर दाब जाणवत असेल तर तडक इस्पितळ गाठा. ताप येऊन सांधा गरम आणि लाल झाला, पडल्यानंतर खांद्याचा आकार बदलला, हात अचानक उचलेनासा झाला, किंवा वजन घटत असताना रात्रंदिवस सारखं दुखत राहिलं, तर आधी डॉक्टर, मालीश नंतर.

डॉक्टर एक्स-रे काढायला सांगतात तो झीज, निखळलेला सांधा अशी इतर कारणं बाजूला काढण्यासाठी. फ्रोझन शोल्डरचा एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो. 'रिपोर्टमध्ये काही नाही' म्हणजे दुखणं मनाचं आहे, असा अर्थ कृपया कुणी काढू नये. रक्तात एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) मात्र जरूर बघून घ्या, कारण या खांद्यामुळेच मधुमेह पहिल्यांदा लक्षात आला असंही होतं.

तीन टप्पे

सांध्याभोवतीची कॅप्सूल एरवी सैल असते, म्हणून हात इतक्या दिशांना फिरतो. या आजारात तिला आधी सूज येते, मग ती जाड होऊन आक्रसते. पहिला टप्पा दुखण्याचा, साधारण २ ते ९ महिने. रात्रीची कळ सर्वांत वाईट याच काळात. दुसरा टप्पा आखडण्याचा, ४ ते १२ महिने. दुखणं कमी होतं, पण हात हलत नाही. तिसऱ्या टप्प्यात खांदा सुटू लागतो आणि त्याला वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात. मधुमेह असेल तर सगळंच लांबतं.

खांद्याला हात लावताना सर्वांत आधी टप्पा बघायचा. विश्रांतीतही ठणकतं आणि रात्री झोप मोडते, तर पहिला. फक्त शेवटच्या टोकाला ताणलं की दुखतं, तर दुसरा किंवा तिसरा.

हाताने उपचार: काय, किती, कुणाकडून

ऑस्ट्रेलियाचे फिजिओथेरपिस्ट जेफ्री मेटलंड यांनी सांधा हलवण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आणि आजही जगभर त्या वापरतात. पहिल्या दोन पायऱ्यांत सांध्याला ताण लागण्याच्या अलीकडेच हलके, तालबद्ध झोके देतात, हेतू वेदना शमवण्याचा. तिसऱ्या-चौथ्या पायरीत अडथळ्यापर्यंत जाऊन कॅप्सूल ताणतात. दुखण्याच्या टप्प्यात पहिल्या दोनच हव्यात. तिसरी आणि चौथी पायरी ठणका शमल्यावर.

कुठल्या दिशेने, हेही महत्त्वाचं. पंजा बाहेर वळवणं हीच हालचाल सर्वांत जास्त अडलेली असते. ती सुटावी म्हणून दंडाच्या हाडाचा गोळा पुढे ढकलायला हवा, असं सहज वाटेल. प्रत्यक्षात मागे सरकवल्याने जास्त उपयोग होतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या सुमारे २० रुग्णांच्या एका छोट्या अभ्यासात सहा बैठकींनंतर मागे सरकवलेल्या गटाचा हात सरासरी ३१ अंश जास्त उघडला, पुढे सरकवलेल्या गटाचा जेमतेम ३ अंश. चांगला थेरपिस्ट तुम्हाला उताणं झोपवतो, दंड थोडा बाजूला घेतो, तळवा खांद्याच्या गोळ्यावर समोरून टेकवतो आणि टेबलाच्या दिशेने हळूहळू दाब वाढवत अर्धा ते एक मिनिट धरून ठेवतो. मध्ये सोडतो, विचारतो, पुन्हा धरतो. झटका कुठेच नसतो.

झटका देणाऱ्याकडे जाऊ नका, मग तो हाडवैद्य असो, मालीशवाला असो की पदवीधर. ही कॅप्सूल एका हिसक्याने सुटत नाही. साठीच्या आसपासच्या बाईंची हाडं ठिसूळ झालेली असतील तर असा हिसका दंडाचं हाड मोडू शकतो. 'दोघांनी धरून हात वर केला आणि कट्ट असा आवाज आला' हे खांदा सुटल्याचं लक्षण नव्हे. नेदरलँड्समध्ये २००४ साली ७७ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात वेदनेच्या मर्यादेत राहून हालचाल करणाऱ्यांचे खांदे दोन वर्षांनी जास्त चांगले होते. वेदना सोसून जोरात ताणणारा गट मागे पडला.

तेलाने मालीश केलेलं बरं वाटतं, त्यामागे कारण आहे. खांदा वाचवण्याच्या नादात मान आणि खांद्यामधला स्नायू दिवसभर आवळलेला राहतो, तो मालिशीने सैल होतो. कॅप्सूल त्याखाली खोल असते, तिथवर बोटं पोहोचत नाहीत. म्हणून नारायण तेल लावा, शेक घ्या, आराम मिळवा, पण त्याने हात वर जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. आयुर्वेदात या दुखण्याला अवबाहुक म्हणतात आणि त्यावर नस्यही, म्हणजे नाकात औषध सोडणं, सांगितलं आहे. ते मात्र वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावं. शेक १० ते १५ मिनिटं पुरे. मधुमेहात त्वचेची संवेदना कमी झालेली असू शकते, तेव्हा पिशवी आधी दुसऱ्याने हात लावून बघावी, नाहीतर भाजलेलं कळतही नाही.

घरच्यांनी निर्धास्त करण्यासारखी एक गोष्ट आहे. रुग्णाला चांगल्या कुशीवर झोपवा आणि दुखरा हात छातीशी धरलेल्या उशीवर ठेवा. पाठीवरच्या चपट्या हाडाच्या, म्हणजे खवाट्याच्या खालच्या टोकाला एका हाताचा तळवा लावा, दुसरा हात खांद्यावर वरून ठेवा. आता दोन्ही हातांनी खवाटा सावकाश कानाकडे न्या, मग कमरेकडे, नंतर पुढे आणि कण्याकडे. प्रत्येक दिशेला दहा वेळा. दंड ओढायचा नाही, बोटं रुतवायची नाहीत. सुरुवातीला खवाटा लाकडासारखा कडक लागतो, तिसऱ्या-चौथ्या फेरीत श्वासाबरोबर सैल पडतो.

रोजचे व्यायाम

मोजमाप वेदनेचं ठेवा. व्यायाम करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलेलं चालेल, पण ते अर्ध्या तासात उतरायला हवं. त्या रात्री झोप जास्त मोडली तर दुसऱ्या दिवशी निम्मं करा.

पहिल्या टप्प्यात दोनच. एक, लोलक: चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाका, दुखरा हात लोंबू द्या आणि शरीर डोलवून त्याला झुलवा, एक-एक मिनिट पुढे-मागे, डावी-उजवी आणि गोल, दिवसातून दोन-तीनदा. बहुतेक जण हाताच्या ताकदीने हात फिरवतात, त्यात फायदा निघून जातो. दोन, खुर्चीत बसून टेबलावर तळव्याखाली नॅपकिन ठेवा, कमरेतून पुढे झुकत हात सरकवा, पाच सेकंद थांबा, दहा वेळा.

ठणका उतरल्यावर काठी घ्या. उताणं झोपा, कोपराखाली घडीचा टॉवेल, कोपर बरगडीला लावलेलं, दोन्ही हातांत छत्री किंवा तीन फुटी दांडा. चांगल्या हाताने ढकलत दुखरा पंजा बाहेर न्या, दहा सेकंद धरा, दहा वेळा, दिवसातून दोनदा. वेळ कमी असेल तर बाकी सोडा, हा सोडू नका. त्यानंतर भिंतीवर बोटं चढवायची आणि पोहोचलेल्या जागी पेन्सिलीने तारखेसह खूण करायची. खांदा कानाकडे उचलला जाऊ लागला की तिथेच थांबा, त्यापुढची उंची खोटी.

पाठीमागे टॉवेल धरून हात वर ओढणं सगळ्यांत शेवटी. हूक लागत नाही म्हणून सुरुवात नेमकी यापासूनच होते आणि दुखावलेली कॅप्सूल इथेच सर्वांत जास्त पिळली जाते. दारावरची दोरी-कप्पीही पहिल्या टप्प्यात नको. हात झोळीत मात्र अडकवून ठेवू नका, खांद्याच्या उंचीखालची सगळी कामं चालू द्या. झोपताना उताणं असाल तर दंडाखाली उशी घ्या म्हणजे खांदा मागे लोंबत नाही.

इंजेक्शन आणि पुढचं

पहिल्या काही महिन्यांत रात्रीची झोपच मिळत नसेल तर सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन घेण्यात शहाणपण आहे. आराम बहुधा काही आठवडे टिकतो आणि तेवढ्यात व्यायाम बसवून घेता येतो. मधुमेहींची साखर त्यानंतर काही दिवस चढते, म्हणून ती घरी रोज तपासा आणि गोळ्या-इन्सुलिनबद्दल डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा.

भूल देऊन हात फिरवणं किंवा दुर्बिणीतून कॅप्सूल मोकळी करणं हे पर्याय बरेच महिने नेटाने करूनही खांदा अडूनच राहिला तर. ब्रिटनमधल्या ३५ इस्पितळांत ५०३ रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यात या दोन्ही पद्धती आणि इंजेक्शनसह नीट आखलेली फिजिओथेरपी यांत वर्षभराने कुठलीच ठळकपणे सरस ठरली नाही. शस्त्रक्रिया करायचीच ठरली तर तारीख घेण्याआधी पुढच्या सहा आठवड्यांच्या फिजिओथेरपीच्या वेळा पक्क्या करा. भूल उतरल्यावर एक-दोन दिवसांत हालचाल सुरू झाली नाही तर मोकळी केलेली कॅप्सूल पुन्हा आक्रसते.