कच्छच्या भटकंतीत या चुका टाळा

कच्छच्या सहली फसतात त्या बहुतेक एकाच गैरसमजामुळे. वाळवंट म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळूच्या टेकड्या येतात. पण कच्छचे रण हा खारट चिखलाचा सपाट तळ आहे. पावसाळ्यात नद्यांचे पाणी आणि नैर्ऋत्य वाऱ्यांनी आत ढकललेले समुद्राचे पाणी त्यावर पसरते आणि पुढे काही महिने सावकाश आटत राहते. ही गोष्ट लक्षात ठेवली, तर वेळ, वाट आणि वाहन यांविषयीचे बरेच निर्णय आपोआप बरोबर येतात.

पहिली चूक वेळेची. दिवाळीच्या सुट्टीत पांढरे रण, म्हणजे रणाचा मिठाच्या थराने झाकलेला भाग, पाहायला गेलेल्यांना अनेकदा चिखलाच्या कडेला उभे राहून पाणीच पाहावे लागते. पाऊस उशिरापर्यंत लांबला असेल तर नोव्हेंबरमध्येही मिठाचा थर पुरता धरलेला नसतो. डिसेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत भरवशाचा. मात्र याच दिवसांत थंडीचा अंदाज चुकतो: दुपारी उन्हाने डोळे दिपवणारे रण रात्री चांगलेच गारठते आणि कच्छमधील नलिया तर हिवाळ्यात गुजरातमधील सर्वांत थंड ठिकाणांत गणले जाते. पौर्णिमेच्या रात्रीचे चांदणे हवे असेल तर निवास फार आधी ठरवावा; ज्यांना गर्दी नको, त्यांनी सरळ दुसरी तिथी निवडावी.

दुसरी चूक नकाशाची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महागात पडते. रानगाढवे, म्हणजे घुडखर, धोरडो गावाजवळच्या पांढऱ्या रणात दिसतील अशा समजुतीने लोक येतात. त्यांचे सुमारे 4,954 चौरस किलोमीटरचे अभयारण्य छोट्या रणात, म्हणजे आग्नेयेकडच्या वेगळ्या रणात, आहे आणि तेथे जाण्याची सोयीची ठिकाणे, दसाडा, झैनाबाद, बजाणा, भुजपासून सुमारे अडीचशे किलोमीटरवर पडतात. त्यामुळे अहमदाबादहून येताना किंवा परतताना तेथे एक मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते. पावसाळ्यात अभयारण्य बंद असते. तसेच धोरडो भुजच्या उत्तरेला आणि समुद्रकाठचे मांडवी दक्षिणेला असल्यामुळे दोन्हीकडचा सूर्यास्त एका दिवसात बसवण्याचा हट्ट धरू नये.

घुडखर पाहताना चालकाला गाडी त्यांच्यामागे दामटायला सांगणे ही केवळ असभ्यता नव्हे, तर घातक चूक आहे. हा प्राणी ताशी 70 किलोमीटरच्या आसपास वेगाने पळू शकतो, पण त्या धावपळीत शिंगरे कळपापासून तुटतात. पहाटे ‘बेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्यांजवळ, जेथे गवत असते, तेथे गाडी थांबवून शांत बसावे. थोड्या वेळाने कळप पुन्हा चरू लागतो.

स्वतःची गाडी रणात उतरवण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. वरचा थर बहुकोनी तुकड्यांत तडकलेला, कोरडा आणि पक्का दिसतो. टाचेने दाबल्यास तो करकर मोडतो आणि खालून काळा, तेलकट चिखल वर येतो. चाक रुतल्यास वेग वाढवू नये, कारण प्रत्येक फेरीबरोबर चाक अधिक खोल जाते. सर्वांनी खाली उतरावे, टायरमधील हवा कमी करावी, चाकांपुढील चिखल काढून फळ्या किंवा पायपुसणी घालावीत आणि आलेल्याच चाकोरीने मागे यावे. एवढ्याने जमले नाही तर जवळच्या गावातून ट्रॅक्टर बोलवणे हाच उपाय. मृगजळामुळे आणि खुणांच्या अभावामुळे दिशाही हरवते, म्हणून छोट्या रणात स्थानिक वाटाड्याशिवाय जाऊ नये.

मांडवीच्या किनाऱ्याबाबत एकच सांगावेसे वाटते: भरती-ओहोटीची वेळ पाहूनच निघावे. ओहोटीत पाणी बरेच मागे सरते आणि पॅरासेलिंगसारखे खेळ वारा व पाणी यांवर अवलंबून असतात. रुक्मावती नदीच्या मुखाजवळ पोहू नये. तेथे काठावर आकार घेणारी लाकडी जहाजे पाहण्यात वेळ अधिक चांगला जातो.

कागदपत्रांकडे दुर्लक्ष केल्यास तपासणी नाक्यावर अडून पडावे लागते. पांढऱ्या रणासाठी परवाना आणि मूळ ओळखपत्र लागते. हा सीमेलगतचा भाग असल्यामुळे ड्रोन परस्पर उडवू नये आणि सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावरील इंडिया ब्रिज या पुलावर छायाचित्रे काढू नयेत. भुज सोडण्यापूर्वीच इंधन, पाणी आणि रोख रक्कम यांची सोय करावी, कारण भुजच्या उत्तरेकडील खावडा गावाच्या पुढे मोबाइलच्या नेटवर्कवर आणि त्यावर चालणाऱ्या देयकांवर विसंबता येत नाही.

परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा आणि बूटही. मीठ राहिले तर गंज चढायला वेळ लागत नाही.