शनिवारी क्लासिक, रविवारी स्केटिंग: क्रॉस-कंट्री स्की शर्यतींत पहिल्यांदा उतरताना

शनिवार-रविवारच्या क्रॉस-कंट्री स्की स्पर्धेत बहुधा दोन शर्यती असतात, आणि पहिल्या दिवशी क्लासिक तर दुसऱ्या दिवशी स्केटिंग अशी मांडणी पुष्कळदा आढळते. क्लासिकमध्ये बर्फात यंत्राने पाडलेल्या दोन समांतर चरांतून स्की सरळ पुढे सरकतात, तर स्केटिंगमध्ये दाबून सपाट केलेल्या रुंद पट्ट्यावर स्की तिरकी टेकवून तिच्या कडेने रेटा दिला जातो. १९८० च्या दशकात स्केटिंगचा वेग इतका सरस ठरला की आंतरराष्ट्रीय स्की महासंघाला दोन्ही शैलींच्या शर्यती वेगळ्या कराव्या लागल्या. स्पर्धकाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की सामान जवळजवळ दुप्पट झाले. क्लासिकची काठी आंतरराष्ट्रीय नियमांनुसार स्वतःच्या उंचीच्या ८३ टक्क्यांहून लांब चालत नाही, स्केटिंगची मात्र साधारण ९० टक्के असते; शिवाय स्केटिंगच्या बुटांना घोट्यापाशी भक्कम आधार लागतो. माझ्या मते या दोन दिवसांकडे एकच सलग काम म्हणून पाहावे, कारण रविवारची शर्यत कशी होणार हे बऱ्याच अंशी शनिवारी दुपारी ठरते.

नवख्याला सर्वाधिक धास्ती वाटते ती मेणाची, आणि ती अनाठायी नाही. क्लासिक स्कीला मधोमध कमान असते. दोन्ही पायांवर समान भार असताना हा मधला भाग बर्फापासून किंचित उचललेला राहतो. एका पायावर पूर्ण भार टाकून रेटा दिला की तो दबतो, तिथे लावलेल्या किक वॅक्समध्ये बर्फाचे स्फटिक क्षणभर रुततात आणि पकड मिळते. पाय उचलून पुढे सरकताना ती पकड सुटली पाहिजे. म्हणून मेण बर्फाच्या तापमानाप्रमाणे निवडतात: थंड, कोरड्या बर्फाला कठीण मेण, उबदार बर्फाला मऊ, आणि वितळून पुन्हा गोठलेल्या खरखरीत बर्फाला क्लिस्टर नावाचे चिकट मेण, जे एकदा हातमोज्यांना लागले की दिवसभर साऱ्या वस्तूंना लागत राहते. तापमान शून्य अंशाच्या आसपास असेल आणि वरून ताजा बर्फ पडत असेल, तर अनुभवी मंडळीही चडफडताना दिसतात. तेव्हा मधल्या भागावर मोहेअरची (अंगोरा शेळीच्या केसांची, मेणाशिवाय पकड देणारी) पट्टी बसवलेल्या स्की निःसंकोच वापराव्यात.

मेण लावताना एक जाड थर देण्याऐवजी पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर बुचाच्या ठोकळ्याने घासून सारखा करावा, आणि चाचणीपूर्वी स्की बाहेर थंड होऊ द्यावी. ऊबदार खोलीतून आणलेली स्की थेट बर्फावर टेकवली तर मेणावर बर्फाची ढेकळे चिकटतात. चाचणी सपाटीवर घेऊन भागत नाही, ती चढावर घ्यावी. आणखी एक गोष्ट इथे लक्षात ठेवावी: ताज्या पायांनी दाबल्यावर मिळणारी पकड शर्यतीच्या उत्तरार्धात थकलेल्या पायांना मिळत नाही. अव्वल स्पर्धक वेगासाठी पकड थोडी कमी ठेवतात, पण नवख्याने ती थोडी जास्तच ठेवावी, कारण चढावर मागे घसरणाऱ्या स्कीची भरपाई हातांना करावी लागते आणि हात आधी संपतात. ग्लाइड वॅक्सचा, म्हणजे स्की सहज घसरावी म्हणून लावायच्या मेणाचा, खल मात्र आवरता घ्यावा. फ्लोरिनयुक्त मेणांवर महासंघाने २०२३-२४ च्या हंगामापासून बंदी घातली आहे, तेव्हा हाताशी असलेले जुने डबे वापरण्याआधी त्यांत काय आहे ते पाहून घ्यावे.

क्लासिक शर्यत पुष्कळदा एकेकाला सोडून घेतली जाते, दोन स्पर्धकांमध्ये साधारण ३० सेकंदांचे अंतर ठेवून. सोबत कोणी नसल्याने आपला वेग बरोबर आहे की नाही हे कळत नाही, आणि पहिल्या किलोमीटरमध्ये सगळे सोपे वाटते. हे वाटणे विश्वासार्ह नसते. पहिल्या चढाच्या माथ्यावर श्वास ताब्यात असावा, एवढे एकच माप मी नव्या मंडळींना सांगतो. माथा आला की बहुतेक जण काठ्या सैल सोडतात; तिथेच आणखी आठ-दहा रेटे दिले तर पुढच्या उतारावर मिळणारा वेग जवळजवळ फुकटात पदरात पडतो. मागून ‘ट्रॅक’ अशी हाक आली तर अशा शर्यतीत चर सोडून वाट द्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

अंतिम रेषा ओलांडल्यावर पहिले काम ओले कपडे बदलण्याचे. घामाने भिजलेला बनियन अंगावर ठेवून निकालफलकापुढे ताटकळणारा माणूस रविवारी कुडकुडतच उठतो. कोरडे कपडे, गरम आणि गोड पेय, मग दहा-पंधरा मिनिटे अगदी सावकाश स्कीइंग, आणि त्यानंतर पोटभर पिष्टमय जेवण, हा क्रम माझ्या बाबतीत नेहमी कामी आला आहे. बुटांमधील आतले तळवे काढून दोन्ही वेगवेगळे वाळवावेत. स्केटिंगच्या स्की संध्याकाळीच तयार करून ठेवाव्यात. पहाटे तापमान पाहून त्यांत बदल करण्याचा मोह नवख्याने टाळलेला बरा.

दुसऱ्या दिवशी मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि कुल्ह्यांना स्केटिंगचा वेगळा ताण पडतो, त्यामुळे पाय वाटले होते त्याहून बरे निघतात. दंड आणि पाठ मात्र कालचे सगळे लक्षात ठेवून असतात. सामूहिक प्रारंभ असेल तर मागच्या रांगेतच उभे राहावे. सुरुवातीच्या काही मीटरांत सर्वांनी समांतर चरांत राहून फक्त दोन्ही काठ्यांनी ढकलत पुढे जायचे असते, आणि स्केटिंगला मोकळीक मिळताच गर्दीत काठ्या एकमेकींत अडकतात. काठ्या अंगाशी ठेवाव्यात, रेटे आखूड द्यावेत. मोडलेली काठी वाटेत बदलून घेता येते, म्हणून ओळखीच्या कोणाला तरी जादा काठी देऊन पहिल्या चढापाशी उभे करावे. पुढे आपल्याच वेगाचा गट सापडला की त्याच्या आडोशाने जावे. सपाटीवर आणि उतारावर वारा पुढच्याच्या छातीवर बसतो, आपली शक्ती वाचते.

निकाल हाती आल्यावर क्रमांकाऐवजी विजेत्याच्या वेळेपेक्षा आपण किती टक्के मागे राहिलो ते दोन्ही दिवसांसाठी काढावे. बर्फ आणि मार्ग दर वेळी बदलत असल्याने नुसत्या मिनिटांची तुलना फारसे काही सांगत नाही. रविवारची टक्केवारी शनिवारपेक्षा बरीच वाईट असेल, तर आधी फेऱ्यांच्या वेळा पाहाव्यात: पहिल्या फेरीपासूनच मागे पडला असाल तर तंत्रावर काम करावे लागेल, आणि शेवटच्याच फेरीत ढासळला असाल तर कारण बहुधा शनिवारच्या दुपारीच सापडेल.