प्रायर, चर्च, हेन्किन एकाच वहीत: हायब्रिड लॉजिककडे वळणाऱ्यांसाठी

एमएस्सी गणिताची मुलं अधूनमधून विचारतात, "दादा, लॉजिक वाचायचंय, आधी कुणाला वाचू?" माझं ठरलेलं उत्तर: नावं नंतर, आधी एक प्रश्न धरा.

मी धरलेला प्रश्न असा. 'कोल्हापूरचे छत्रपती' म्हणजे १९०२ साली शाहू महाराज, १९३० साली राजाराम महाराज. मग या पदाचा, म्हणजे टर्मचा, अर्थ लिहायचा कसा?

काळाचं लॉजिक उभं केलं न्यूझीलंडच्या आर्थर प्रायरनं. साध्या मोडल लॉजिकात, म्हणजे 'कधीतरी', 'नेहमी' अशा शब्दांच्या लॉजिकात, 'कधीतरी पाऊस पडेल' म्हणता येतं, पण त्या क्षणाला नाव देता येत नाही. प्रायरनं अशी विधानं वापरली की प्रत्येक विधान नेमक्या एकाच क्षणी खरं ठरतं. त्यांनाच आज नॉमिनल म्हणतात. सोबत 'अ‍ॅट' हे चिन्ह (@) आलं की 'अमुक क्षणी हे खरं' असं लिहिता येतं. हेच हायब्रिड लॉजिक. पण छत्रपती हे विधान नव्हे, व्यक्ती दाखवणारं पद. इथे तर्कशास्त्रज्ञ अलोन्झो चर्चची १९४० ची टाइप थिअरी लागते. तिच्यात विधान, व्यक्ती, फलन अशा प्रत्येक गोष्टीचा प्रकार (टाइप) ठरलेला असतो. अरेसेस, ब्लॅकबर्न, मान्सानो आदींनी २०१४ च्या निबंधात 'अ‍ॅट' कुठल्याही टाइपच्या पदाला लावला. आता '१९०२ ला अ‍ॅट लावलेले छत्रपती' याचं मूल्य कुठल्याही सालात बसून काढा, शाहू महाराजच मिळतात. सालांचा तक्ता करून हे हातानं बघाच.

लिऑन हेन्किन शेवटी, पण खरी मजा त्याच्या संपूर्णतेच्या सिद्धतेतच: जे प्रत्येक मॉडेलमध्ये (विधानांना अर्थ देणाऱ्या रचनेत) खरं, ते नियमांनी सिद्धही करता येतं. 'असं काहीतरी आहे' या प्रत्येक दाव्याला तो साक्षीदार म्हणून नवं नाव देतो. हायब्रिडमध्ये 'असं कधीतरी घडेल' यालाही तसाच साक्षीदार मिळतो, नवा नॉमिनल. त्यामुळे अख्खं मॉडेल एकाच महत्तम सुसंगत संचातून (विसंगती न येता आणखी एकही विधान घालता येत नाही असा संच) उभं राहतं. बदल्यात शक्य तेवढी सगळी फलनं मॉडेलमध्ये असावीत हा हट्ट सोडायचा. ती सवलत हेन्किनचीच, १९५० ची. ही सिद्धता आधी साध्या फर्स्ट ऑर्डर लॉजिकसाठी वहीत पूर्ण लिहा. गणितवाले अर्थाचा भाग उडवतात, तत्त्वज्ञानवाले सिद्धता. दोघंही पुढे अडकतात.

शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात निवांत टेबल मिळालं की या तिघांमधले सांधे तपासायला बसा. चर्चच्या लॅम्ब्डात, म्हणजे फलन लिहायच्या त्याच्या पद्धतीत, चलाच्या जागी पद सरळ आत टाकता येतं; काळ आला की तसं टाकता येत नाही. १९०२ मध्ये उभं राहून म्हणा, 'छत्रपती पूर्वी कागलचे यशवंतराव घाटगे होते.' १९०२ चे छत्रपती धरून मागं पाहिलं तर खरं, कारण शाहू महाराज १८८४ साली दत्तक आले. पण पद 'पूर्वी'च्या आत गेलं की अर्थ होतो: पूर्वी कधीतरी, त्या वेळी गादीवर असलेले छत्रपती कागलचे यशवंतराव होते. हे खोटं. म्हणून तिथे प्रतिस्थापनाला अट असते: पदाचं मूल्य काळागणिक बदलता कामा नये. 'अ‍ॅट' लावलेलं पद मात्र बिनधास्त आत टाका.