भाड्याची ई-स्कूटर लावताना या चुका टाळा

ऑफिस सुटायच्या वेळी पुण्यातल्या कुठल्याही गजबजलेल्या मेट्रो स्टेशनखाली पाच मिनिटं उभं राहा. ॲपवरची ई-स्कूटर घेऊन कुणीतरी घाईघाईत येतं, जिन्याच्या तोंडाशीच गाडी लावतं, मोबाईलवर राइड संपवतं आणि वर पळतं. स्वतःची गाडी हाच माणूस अशी सोडणार नाही, कारण टोइंगवाल्यांची धास्ती असते, ओरखड्याची काळजी असते. भाड्याच्या गाडीला ती धास्ती नाही. म्हणून काळजी मुद्दाम घ्यावी लागते, आणि ती घ्यायला अर्धा मिनिटही लागत नाही.

ॲपने परवानगी दिली म्हणजे जागा बरोबर, हा समज

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. नकाशावर आपण ॲपच्या पार्किंग झोनच्या आत दिसतो, राइड संपते, आणि आपलं काम झालं असं वाटतं. पण मोकळ्या आकाशाखालीसुद्धा मोबाईलचं लोकेशन साधारण पाच मीटर इकडेतिकडे होऊ शकतं. उंच इमारती, वडा-पिंपळाची दाट झाडी किंवा डोक्यावर मेट्रोचा पूल असेल तर फरक आणखी वाढतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार फूटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी. लोकेशनची चूक त्याहून मोठी. म्हणजे गाडी फूटपाथवर आहे, रस्त्यावर आहे की कुणाच्या गेटसमोर, हे ॲपला कळूच शकत नाही. ते तुमच्या डोळ्यांनाच पाहावं लागतं.

गाडी लावल्यावर दोन पावलं मागे या आणि पाहा: व्हीलचेअर इथून जाईल का? तिला किमान ९० सेंटिमीटर वाट लागते. स्कूटर आडवी लावली तर १.८ मीटरच्या फूटपाथवर ती वाट उरतच नाही.

पिवळ्या फरश्यांवर गाडी

जंगली महाराज रस्त्यासारख्या नव्याने केलेल्या फूटपाथवर आणि मेट्रो स्टेशनांवर पिवळ्या, उंचवटे असलेल्या फरश्या दिसतात. लांब रेघांची फरशी म्हणजे सरळ चालत राहा. गोल ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढे पायऱ्या, रस्ता किंवा वळण आहे. दृष्टिहीन माणूस पावलांनी आणि काठीने हे वाचत जातो. स्कूटर या पट्ट्यावर आडवी उभी असली की काठी बऱ्याचदा दोन चाकांच्या मधून निघून जाते, अडथळा कळतच नाही, आणि हँडल थेट बरगडीवर आदळतं. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, पण या फरश्यांवर चाक नको.

फूटपाथवरून रस्त्यावर उतरायचा छोटा उतार, लिफ्टचं दार आणि पीएमपीच्या थांब्याची पुढची जागा, इथेही तेच. बसमध्ये चढणाऱ्या आजींना तुमच्या गाडीला वळसा घालून रस्त्यावर उतरावं लागू नये.

‘नंबर प्लेटच नाही, मग नियम कसले?’

२५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरची मर्यादा असलेल्या गाडीला नोंदणी आणि लायसन्स लागत नाही, हे खरं आहे. फूटपाथवर, सायकल ट्रॅकवर आणि झेब्रा क्रॉसिंगवर गाडी लावायला २०१७ च्या केंद्रीय वाहनचालन नियमांत मनाई आहे. तुमची स्कूटर नोंदणीत बसो न बसो, चालणाऱ्याला ती तेवढीच आडवी येते.

आणि पी१-पी२ विसरू नका. पी१ ची पाटी असलेल्या बाजूला विषम तारखेला पार्किंग, पी२ ला सम तारखेला. विषम तारखेला रात्री अकराला पी१ बाजूला सोडलेली स्कूटर तासाभरात चुकीच्या बाजूची होते. स्वतःची गाडी असेल तर मालक सकाळी येऊन हलवतो, भाड्याची गाडी पुढचा गिऱ्हाईक येईपर्यंत तिथेच. रात्री लावताना उद्याची तारीख बघून बाजू निवडा.

राइड संपतच नसेल तर

वैतागून गाडी तशीच टाकून जाऊ नका, मीटर चालू राहतो. आधी झाडाखालून किंवा पुलाखालून मोकळ्यावर या. लोकेशन आणि ब्लूटूथ चालू आहे ना, बॅटरी सेव्हर बंद आहे ना, ते पाहा. नेट बंद-चालू करून पुन्हा प्रयत्न करा. तरीही जमलं नाही तर गाडी कडेला नीट लावून फोटो काढा आणि ॲपमधूनच तक्रार नोंदवा. फोटोत आजूबाजूची जागा दिसू द्या, नुसतं चाक नको.

पावसाळ्यात साइड स्टँडवर भरवसा ठेवू नका. पेव्हर ब्लॉकखालची माती ओली झाली की स्टँड रुततो. रांगेतली एक गाडी पडली की शेजारच्या चार घेऊन पडते. डबल स्टँड असेल तर तोच लावा.

वाटेत पडलेली गाडी दिसली तर

लॉक असलेली गाडी ओढू नका, चाक फिरत नाही आणि अलार्म वाजतो. कुणाला तरी सोबत घ्या, उचलून भिंतीच्या किंवा झाडाच्या रेषेत ठेवा आणि क्यूआर कोडचा फोटो काढून कंपनीला कळवा.

माझ्या मते लोकांना दोष देऊन पुरत नाही, जागाही आखून द्यायला हवी. २०१७ च्या अखेरीस पुण्यात विद्यापीठ आणि औंध भागात शेअर सायकली आल्या तेव्हा सुरुवातीला कौतुक झालं, मग मोडलेल्या आणि फेकून दिलेल्या सायकली दिसू लागल्या. पॅरिसमध्ये तर भाड्याच्या, उभ्याने चालवायच्या ई-स्कूटरवर एप्रिल २०२३ मध्ये मतदान झालं. मतदान फार कमी झालं, पण मत देणाऱ्यांपैकी सुमारे ८९ टक्के लोक त्यांच्या विरोधात गेले आणि सप्टेंबरपासून त्या बंद झाल्या. स्वस्त, बिनधुराची सोय आपल्याला अशी गमवायची नसेल तर चौकाच्या अलीकडचा, जिथे मोटार लावली की समोरचं दिसत नाही, तो कोपरा स्कूटरसाठी पांढऱ्या रंगाने आखून घेता येतो. स्कूटर बुटकी असते, पलीकडून येणारा माणूस दिसतो, आणि फूटपाथही मोकळा राहतो. तुमच्या भागातली अशी एखादी जागा हेरा, तिचा फोटो काढा आणि सोसायटीच्या लेटरहेडवर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या. एक प्रत वाहतूक शाखेलाही पाठवा, म्हणजे दोघांकडे एकाच जागेची नोंद राहील.