हौशी युवा मंडळाने ‘संगीत शारदा’ बसवताना : तयारीची यादी

सोळा ते बावीस वयोगटातील मुलामुलींच्या हौशी मंडळाला पहिले संगीत नाटक बसवायचे असेल, तर गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘संगीत शारदा’चा विचार आधी करावा. 1899 साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकात पैशासाठी म्हाताऱ्या भुजंगनाथाला दिली जाणारी मुलगी शारदा आणि तिच्या मैत्रिणी यांचे वय पात्रवाटपाला सोयीचे आहे, आणि पदे साकी-दिंडीसारख्या साध्या, पारंपरिक चालींपासून पुढे जात असल्यामुळे शास्त्रीय संगीताचे पूर्ण शिक्षण नसलेला, पण सुरात असलेला गळाही ती पेलू शकतो. तयारीला निदान चार महिने हातात असावेत, कारण यात गद्य नाटकापेक्षा संगीताचे एक संपूर्ण काम जास्त असते.

ते काम भूमिका वाटण्याआधी सुरू होते. प्रत्येक इच्छुकाची पट्टी, म्हणजे त्याला सहज गाता येईल असा मूळ सूर, ऑर्गनवर किंवा हार्मोनियमवर तपासून वहीत लिहावी आणि ती वही समोर ठेवूनच भूमिका ठरवाव्यात. मुलांची पट्टी बहुधा काळी एक-दोनच्या (हार्मोनियमच्या सप्तकातल्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या सुराच्या) आसपास आणि मुलींची काळी चार-पाचच्या आसपास पडते, त्यामुळे या लग्नाला विरोध करणारा तरुण कोदंड याचे पद संपून लगेच शारदेचे सुरू होते तिथे साथीदारांना षड्ज (मूळ ‘सा’) बदलावा लागतो, आणि तो बदल संवादाच्या कोणत्या शब्दावर होणार हे आधी ठरवले नाही तर गाणारा चाचपडतो. कोदंड काळी एकमध्ये आणि शारदा काळी चारमध्ये गाणार असेल, तर काळी चारमध्ये लावलेला एकच तबला तिला षड्जाचा आणि त्याला पंचमाचा म्हणून चालतो. पंचम (‘प’) वर्ज्य असलेल्या, म्हणजे तो स्वर न लागणाऱ्या, रागात मात्र दुसरा तबला हाताशी लागेलच. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचा आवाज अजून फुटत असतो, म्हणून त्यांची पट्टी महिन्याने पुन्हा पाहावी आणि गरज पडल्यास विनासंकोच उतरवावी. ओढून गायलेली उंच पट्टी कौतुकाची नसते, तिने गळा बिघडतो.

संहिता पूर्वीच्या लांब प्रयोगांच्या हिशेबाने लिहिलेली आहे, त्यामुळे ती तीन तासांच्या आत आणण्यासाठी पदे कमी करावी लागतील. निवड करताना कानाला गोड काय लागते यापेक्षा कथेला पुढे काय नेते हे पाहावे: शारदेची भीती, तिचे वडील कांचनभट यांचा लोभ, लग्न जुळवणाऱ्या भद्रेश्वर दीक्षिताची लबाडी आणि कोदंडाचा विरोध ज्या पदांतून उलगडतो ती राहिलीच पाहिजेत. देवलांचे निधन 1916 साली झाले आणि आपल्याकडे लेखकाचा हक्क मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, त्यामुळे मूळ संहितेवर स्वामित्वहक्क उरलेला नाही; मात्र अलीकडे कोणी केलेली रंगावृत्ती (प्रयोगासाठी संपादित केलेली संहिता) किंवा बांधलेली नवी चाल वापरायची असेल तर संबंधितांची लेखी परवानगी घ्यावी. संपादित संहिता नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे तारखेच्या बरीच आधी पाठवावी आणि नाट्यगृहाला कोणती प्रमाणपत्रे व परवाने दाखवावे लागतील हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे.

पहिले आठ-दहा दिवस केवळ वाचनाला द्यावेत. आजच्या मुलांना भुजंगनाथ हे विनोदी पात्र वाटते आणि त्यांना हसू येते, म्हणून मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा कायदा या नाटकानंतर तीस वर्षांनी, 1929 साली झाला, हे त्यांना वाचनातच सांगावे. त्यानंतर मैत्रिणींची थट्टा आणि शारदेचे मौन त्यांच्या तोंडी वेगळे उमटते. वाचताना पदेही गद्यासारखी, अर्थाने वाचून घ्यावीत. तालमी सुरू झाल्यावर संगीताची तालीम एका खोलीत आणि अभिनयाची दुसरीत, अशी सोय अनेक मंडळे करतात. ही पद्धत मला घातक वाटते, कारण तशाने पात्र संवाद बोलता बोलता थांबते, पुढे येऊन उभे राहते आणि मैफल सुरू करते. दुसऱ्या आठवड्यापासून ऑर्गनवादक तालमीला हवाच. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोन दिवस पक्के करावेत आणि इतर दिवशी तानपुऱ्याच्या यंत्रावर काम चालवावे. पद कोणाला उद्देशून आहे, ते ऐकताना समोरचे पात्र काय करते आणि कोणती ओळ पुन्हा घ्यायची, हे दिग्दर्शक आणि संगीत मार्गदर्शक यांनी एकत्र बसून ठरवावे. प्रेक्षकांनी ‘वन्स मोअर’ मागितल्यास तो कोणत्या पदांना द्यायचा आणि कोणत्या ओळीपासून, हेही आधीच ठरलेले असावे; शारदा जीव द्यायला निघते त्या प्रवेशात तो देऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑर्गन भाड्याने आणणार असाल तर तो आधी स्वतः जाऊन वाजवून पाहावा: भाता हवा धरतो का, वाजवायची एखादी कळ अडकते का, हे तपासावे. जुन्या ऑर्गनचा सूर आजच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांपेक्षा किंचित चढा किंवा उतरलेला असू शकतो आणि तो जागच्या जागी बदलता येत नाही, म्हणून तबला आणि तानपुरा त्याला जुळवून घ्यावेत आणि त्याच्या सोबत सिंथेसायझर ठेवायचा झाल्यास आधी मेळ बसतो का ते ऐकावे. साथीदार गाणाऱ्याला दिसतील अशा जागी, रंगमंचासमोर किंवा पहिल्या विंगेत बसवावेत.

नेपथ्य साधेच ठेवावे, एक वाड्याची ओसरी आणि एक नदीकाठ पुरतो. वेशभूषेकडे मात्र लक्ष हवे. नऊवारी नेसून बसणे, उठणे आणि श्वास घेऊन गाणे यांची सवय मुलींना नसते, तेव्हा शेवटचा पूर्ण महिना त्यांनी तालमीला नऊवारीच नेसावी. भुजंगनाथ करणाऱ्या मुलाने म्हातारा आवाज घशातून काढू नये. चाल, मान आणि बोलण्याची गती यांतून वय दाखवावे.

रंगीत तालीम शक्य तर त्याच नाट्यगृहात, ध्वनिव्यवस्थेसह घ्यावी. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज आणि ऑर्गन दोन्ही ऐकू येतील असा मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर) मागून घ्यावा. प्रयोगाच्या दिवशी साथीदारांनी पडदा उघडण्याच्या तीन तास आधी पोहोचावे, कारण वातानुकूलन सुरू झाल्यावर तबल्याचा सूर पुन्हा हलतो. रंगभूषा सुरू होण्यापूर्वी सर्वांनी नांदी, म्हणजे नाटकाच्या आरंभीचे मंगलपद, एकदा एकत्र म्हणून घ्यावी. प्रयोगानंतर कपडेपट मोजून परत करणे, ऑर्गन टेम्पोत उभाच चढवणे आणि प्रत्येक पदाची पट्टी, ताल व कापलेल्या ओळी नोंदवलेली वही पुढच्या प्रयोगासाठी मंडळाच्या कपाटात ठेवणे, ही कामे कोणाची हे आदल्या दिवशीच नावानिशी ठरवून घ्यावे.