गावातून पोस्टडॉकचा अर्ज करताना: संगणकीय मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करणाऱ्यांसाठी

यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोली जिल्ह्यातील महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत पीएचडी करणाऱ्या उमेदवाराला पोस्टडॉकचा, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनपदाचा, अर्ज करताना महागड्या उपकरणांची उणीव सतत जाणवते. संगणकीय मटेरियल सायन्समध्ये, म्हणजे पदार्थांचे गुणधर्म संगणकावरच्या गणनेतून काढण्याच्या शास्त्रात, मात्र ती फारशी आड येत नाही, कारण क्वांटम एस्प्रेसो आणि लॅम्प्स हे जगभर वापरले जाणारे कोड (गणनेचे प्रोग्राम) विनामूल्य मिळतात. निवड करणाऱ्या प्राध्यापकाला आपले काम तपासून पाहता आले पाहिजे, एवढीच खरी अट आहे.

त्यासाठी सिलिकॉनसारख्या साध्या पदार्थाची एक गणना स्वतः, शेवटपर्यंत करावी. कटऑफ ऊर्जा (गणना किती बारकाईने व्हावी हे ठरवणारी मर्यादा) 30, 40, 50 रिडबर्ग (ऊर्जेचे एकक) अशी वाढवत न्यावी, के-पॉइंटची (ज्या बिंदूंवर गणना होते त्यांची) जाळी दाट करत जावी, आणि लागोपाठच्या दोन गणनांमधील एकूण ऊर्जेतील फरक प्रत्येक अणूमागे 1 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टच्या खाली आल्यावरच पुढे जावे. पीबीई या अंदाजी सूत्रावर आधारलेल्या पद्धतीने लॅटिस कॉन्स्टंट (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकाची लांबी) सुमारे 5.47 अँगस्ट्रॉम येतो, तर प्रयोगातील मूल्य 5.43 आहे; बँड गॅप (वीज वाहण्यासाठी इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची फट) मात्र 1.1 ऐवजी जेमतेम 0.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट मिळतो. ही तूट का पडते, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो, आणि ‘सॉफ्टवेअरची चूक’ असे उत्तर दिले की मुलाखत तिथेच आटोपते. इनपुट फाइल, स्यूडोपोटेन्शियलचे (गणनेत अणूच्या आतल्या इलेक्ट्रॉनांऐवजी वापरायच्या सोप्या रूपाचे) नाव व आवृत्ती आणि आलेख गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवून त्याचा दुवा अर्जात द्यावा.

भारनियमनाचा विचार आधीच करावा. रात्रभर चाललेली माझी एक गणना पहाटे वीज गेल्याने वाया गेली. तेव्हापासून मी वेळापत्रक पाहून इनपुटमध्ये ‘मॅक्स सेकंड्स’ची मर्यादा घालतो, म्हणजे कोड वेळेत थांबतो, स्थिती साठवतो आणि नंतर ‘रीस्टार्ट’ने तिथूनच पुढे सुरू होतो.

अर्जाची सुरुवात प्रबंध सादर करण्याच्या सहा ते नऊ महिने आधी करावी. 2015 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून पुण्याच्या आयसर या विज्ञान संशोधन संस्थेला परम ब्रह्म आणि बेंगळुरूच्या आयआयएससीला (भारतीय विज्ञान संस्थेला) परम प्रवेग हा महासंगणक मिळाला. अशा संस्थांतील गटांकडे आधी वळावे. युरोपातील मारी क्युरी या पोस्टडॉक फेलोशिपसाठी यजमान मार्गदर्शकाची संमती लागते, आणि अर्जाची मुदत साधारणपणे सप्टेंबरमध्ये संपते, म्हणून पत्रव्यवहार उन्हाळ्यातच सुरू झालेला बरा.

प्राध्यापकाला लिहिलेली ईमेल दोनशे शब्दांहून मोठी नसावी. ‘मला आपल्या कामात रस आहे’ अशी सुरुवात शेकडो जण करतात. त्यांच्या एका शोधनिबंधातील कोणती गणना आपण पुढे नेऊ शकतो, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. शिफारसपत्रासाठी गाइडला तीन आठवड्यांचा अवधी आणि आपल्या कामाची पानभर टिपणे द्यावीत, नाहीतर ‘मेहनती व प्रामाणिक विद्यार्थी’ एवढ्यावरच पत्र संपते.